वऱ्हाडचा कापूस, गोदावरीचे खडक आणि खडकवासल्याची छोटी नदी

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून रोहिणखेड आहे. गाव आज लहान दिसते, पण दख्खनच्या इतिहासात त्याचे नाव दोन लढायांमुळे पक्के झाले. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नासीरखान फारुकीला इथे हरवले. १५९१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या बाजूने लढणाऱ्या फौजांनी अहमदनगरची सत्ता हाती असलेल्या जमालखानाचा पाडाव केला आणि तिथली गादी बुऱ्हाणला मिळाली, तीही इथेच. दीडशे वर्षांच्या अंतराने दोन फौजा एकाच ठिकाणी भिडतात, याला कारण इथला घाट. खानदेशातून पठारावर चढणारी वाट इथून जात होती आणि ज्याच्या हाती वाट त्याच्या हाती मुलूख, असा तो काळ होता.

पुढे फौजा थांबल्या, वाटेचा प्रश्न मात्र राहिला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा कंपनी सरकारचे लक्ष इथल्या काळ्या जमिनीवर आणि तिच्यातल्या कापसावर होते. कापूस भरपूर होता, समुद्र मात्र दूर. वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात आणि तिथून माल नावेने कलकत्त्याला उतरे. या प्रवासात महिने जात, बैल मरत, कापसात माती मिसळे, पावसात तो भिजे. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना हा माल स्वस्त आणि स्वच्छ हवा होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडकला आणि वऱ्हाडच्या वाटेचा प्रश्न थेट लंडनमध्ये चर्चेला आला.

त्या प्रश्नाचे एक उत्तर फार धाडसी होते, आणि आज महाराष्ट्रातही ते फारसे कुणाच्या लक्षात नाही. नागपूर-वऱ्हाडचा कापूस वर्धा आणि प्राणहिता नद्यांतून गोदावरीत आणायचा आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरावर, काकिनाड्याला न्यायचा. कल्पनेच्या मागे सर आर्थर कॉटन उभे होते. १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरमचा बंधारा बांधून त्यांनी गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचे रूप पालटले होते. भारताला रेल्वेपेक्षा जलमार्गांची गरज अधिक आहे, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. वरच्या गोदावरीचे काम मद्रास इंजिनिअर्सच्या एफ. टी. हेग यांच्याकडे आले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनीही योजना उचलून धरली.

नकाशावर हे सारे सोपे दिसते. प्रत्यक्ष नदीत तीन ठिकाणी खडकांचे लांबच लांब पट्टे आडवे आले होते. सरकारी कागदांत त्यांना अडसरच म्हटले आहे. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीजवळ आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीला, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यात. पावसाळ्यात पूर या खडकांवरून धडधडत जाई आणि नाव टिकत नसे. उन्हाळ्यात पाणी खडकांच्या फटींत शिरे आणि नाव तरंगत नसे. मधल्या काही महिन्यांत नावा चालत, पण अडसरापाशी माल उतरवायचा, गाड्यांतून पुढे न्यायचा आणि दुसऱ्या नावेत भरायचा, अशी तिहेरी हमाली करावी लागे.

यावर हेग यांची योजना अशी होती. अडसराच्या वरच्या टोकाला नदीत बंधारा घालून पाणी तुंबवायचे. तिथून काठाने कालवा काढून खडकांना वळसा घालायचा. कालव्याच्या उतारावर जलपाश बांधायचे. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. नाव आत आली की मागचा दरवाजा लावतात आणि हौदातले पाणी भरून किंवा सोडून नाव वर उचलतात किंवा खाली उतरवतात. मग पुढचा दरवाजा उघडतो. पंप नाही, इंजिन नाही, उचलण्याचे सारे काम पाण्याचे वजनच करते. युरोपात ही विद्या शतकानुशतके मुरलेली होती. गोदावरीच्या या खडकाळ वरच्या पात्रात मात्र ती कुणी आजमावली नव्हती.

१८६० मध्ये निजामाकडून मिळालेल्या काठाच्या तालुक्यांचा अपर गोदावरी हा नवा जिल्हा झाला आणि सिरोंचा त्याचे मुख्य ठाणे. दाट सागवानी जंगल, तुरळक वस्ती, हिवताप, मजुरांचा तुटवडा. पावसाळ्यात काम बंद पडे आणि पूर ओसरल्यावर आधीच्या हंगामातले किती उरले ते पाहावे लागे. पहिल्या अडसरावर बंधारा, कालवा आणि जलपाशांचे बरेचसे काम झाले, दुसऱ्यावर सुरू झाले. तोवर पश्चिमेकडून लोखंडी रूळ वेगाने पुढे सरकत होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मलकापूर, अकोला, बडनेरा अशी वऱ्हाड ओलांडत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या फाट्याचे उद्घाटन केले आणि खामगावचा कापूस बाजार थेट मुंबईच्या गोदीला जोडला गेला. पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, सरकारने वरच्या गोदावरीचे काम थांबवले.

रोहिणखेड-मलकापूरकडचा शेतकरी तसाही मुंबईकडे तोंड करून बसलेला होता, त्याला गोदावरीची वाट उलटी पडली असती. योजना मुख्यतः पूर्व वऱ्हाड आणि नागपूरसाठी होती. तिला अखेर रेल्वेने मारले, खडकांनी नाही, हे मान्य करायला हवे. तरी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हेग यांच्याजवळ मोजणीची साखळी होती, लेव्हलचे यंत्र होते, पाणी मोजण्याच्या रीती होत्या आणि असामान्य चिकाटी होती. पण बंधारा घातल्यावर वाळू कुठे साचेल, कालव्याचे तोंड उघडे राहील की बुजेल, जलपाशाच्या दारापाशी प्रवाह नावेला आडवा ओढेल का, हे बांधकामाआधी विचारण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. उत्तर हवे तर नदीवर बांधूनच पाहायचे आणि ते चुकीचे निघाले तर लाखो रुपये वाहून जायचे.

त्या साधनाचा, म्हणजे छोट्या नमुन्याचा, जन्म दूर युरोपात चालला होता. १८७० च्या दशकात विल्यम फ्रूड यांनी जहाजांच्या छोट्या नमुन्यांवर प्रयोग करून लहान आणि मोठ्यातला हिशोब मांडला. १८८५ मध्ये मँचेस्टरला ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी मर्सी नदीच्या खाडीचा नमुना केला, त्यात भरती-ओहोटी खेळवली, आणि खऱ्या खाडीत जिथे वाळूचे दांडे होते तिथेच ते नमुन्यातही उमटले. जर्मनीत ड्रेस्डेनला १८९८ मध्ये ह्यूबर्ट एंगेल्स यांनी नदीच्या प्रयोगशाळेचा पाया घातला. अमेरिकेला मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुराने हलवले आणि तिथल्या लष्करी अभियंत्यांनी व्हिक्सबर्गला जलमार्ग प्रयोगकेंद्र उभारले. मात्र त्याच्या बऱ्याच आधी, १९१६ मध्ये, पुण्यात एक लहानसे सरकारी खाते सुरू झाले होते.

मुंबई इलाख्याच्या या खात्याचे नाव होते विशेष पाटबंधारे विभाग, आणि त्याचा नौकानयनाशी काहीही संबंध नव्हता. प्रश्न उसाचा होता. नीरा आणि मुठा कालव्यांखालच्या जमिनी अति पाण्याने चिबडत होत्या, खार वर येत होता. हा प्रश्न हाती आलेले अधिकारी होते क्लॉड कॅव्हेंडिश इंग्लिस. डब्लिनमध्ये जन्मलेले इंग्लिस १९०६ पासून मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. शेताला किती पाणी द्यायचे हे ठरवायचे तर कालव्यातले पाणी नेमके मोजायला हवे, म्हणून हडपसरला मुठा कालव्यावर प्रयोग सुरू झाले. पाणी मोजता मोजता पाण्याबरोबर येणारा गाळ दिसू लागला आणि गाळाचा माग काढत इंग्लिस नदीपर्यंत पोचले. चिबड जमिनीपासून सुरू झालेले काम असे देशातल्या नद्यांचे झाले.

१९३० च्या दशकात प्रयोगांचे मुख्य ठिकाण खडकवासल्याला हलले. त्यामागे साधे व्यवहारज्ञान होते. नदीच्या नमुन्याला भरपूर पाणी लागते आणि ते एकसारखे लागते. खडकवासला धरणाखाली ते उताराने आपसूक मिळते. या धरणावर १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी आपली स्वयंचलित दारे बसवली होती, म्हणजे पाण्याच्या नव्या युक्त्यांची या जागेला आधीपासून सवय होती.

नदीचा नमुना कसा करतात, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण या विद्येचे सौंदर्य त्यातच आहे. आधी खऱ्या नदीची मोजणी करतात, ठराविक अंतरावर पात्राचे आडवे छेद घेतात. त्या आकाराचे टेम्प्लेट कापून जमिनीवर ओळीने उभे करतात आणि मधली जागा भरून गवंडी त्यावर पात्र घडवतो. तळ हलणारा हवा असेल तर वाळू पसरतात. वरच्या टोकाला मोजलेले पाणी सोडतात, खालच्या टोकाला पातळी राखतात. पाण्याची उंची पॉइंट गेजने घेतात, प्रवाहाची दिशा तरंगत्या फ्लोटवरून टिपतात. हिशोब फ्रूड यांच्या नियमाने चालतो. नमुना शंभरपट लहान असेल तर त्यातला वेग दहापट कमी असतो, दहा तासांचा पूर एका तासात संपतो आणि पाण्याचे प्रमाण एक लाखाने घटते. १९८६ च्या महापुरात धवळेश्वरमला सुमारे ३५ लाख क्यूसेक पाणी आले होते. शंभरपट लहान नमुन्यात तो अख्खा पूर ३५ क्यूसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला सुमारे एक हजार लिटरमध्ये मावतो.

अडचणीही याच हिशोबात लपलेल्या आहेत. दोन किलोमीटर रुंदीची नदी शंभरपट लहान केली तरी तिला वीस मीटर जागा लागते, आणि तिची लांबी कित्येक किलोमीटर दाखवायची असते. म्हणून रुंदी अधिक घटवतात आणि खोली कमी घटवतात. नदी जरा खोलगट, विकृत होते. पण सगळेच सारखे घटवले तर पाणी पापुद्र्यासारखे उरते आणि त्यात नदीसारखे वागण्याची ताकद राहत नाही. वाळूचे तर आणखी अवघड. वाळूचा कण शंभरपट बारीक केला की त्याची माती होते आणि ती वाळूसारखी वागत नाही. किती विकृती चालेल, कोणती वाळू वापरायची, नमुन्यातला कोणता निष्कर्ष खऱ्या नदीला लावायचा आणि कोणता टाकून द्यायचा, यावर इंग्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे डोके लावले. एक शिस्त मात्र कडक होती. नवा प्रश्न विचारण्याआधी नमुन्याने होऊन गेलेला पूर हुबेहूब दाखवला पाहिजे. जो मागचे सांगू शकत नाही त्याला पुढचे विचारायचे नाही.

सक्करच्या बंधाऱ्याने या विद्येचा कस लागला. सिंधू नदीवरचा ६६ गाळ्यांचा हा बंधारा १९३२ मध्ये सुरू झाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे त्याचे दुखणे पुण्याला आले हे ओघानेच झाले. उजव्या काठाच्या कालव्यांत जाड वाळू शिरत होती आणि ते भरून चालले होते. नमुन्यावर कारण सापडले. वळणावर नदीचे पाणी सरळ जात नाही, पिळत जाते. वरचे स्वच्छ पाणी वळणाच्या बाहेरच्या काठाकडे ओढले जाते आणि तळाची वाळू आतल्या काठाकडे सरकते. कालव्यांची तोंडे वाळू येईल अशा बाजूला पडली होती. इंग्लिस यांनी नमुन्यात वेगवेगळ्या आकारांचे बांध घालून पाहिले आणि शेवटी उजव्या काठाला वक्राकार प्रवेशमार्ग सुचवला, ज्यात कालव्यांची तोंडे बाहेरच्या वळणावर येतील. बंधाऱ्याचे दहा गाळे कायमचे बंद करण्यात आले. खडकवासल्याच्या ओट्यावर ठरलेली रेघ सिंधूच्या पात्रात प्रत्यक्ष ओढली गेली.

गंगेवरच्या हार्डिंज पुलाचा उजवा मार्गदर्शक बांध १९३३ च्या पुरात फुटला, तोही प्रश्न इथे आला. कलकत्ता बंदर जिच्यावर जगते ती हुगळी गाळाने भरत होती, तिचाही नमुना इथे झाला. संस्था मुंबई इलाख्याकडून केंद्र सरकारकडे गेली आणि १९४० च्या दशकात तिला भारतीय जलमार्ग प्रयोगकेंद्र असे नाव होते. आज आपण तिला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखतो. इंग्लिस यांना १९४५ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. मायदेशी परतून वॉलिंगफर्डच्या जलसंशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. म्हणजे पुण्यात मुठेकाठी जमवलेला अनुभव इंग्लंडने आपल्या नद्यांसाठी वापरला, हे महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे. त्यांचा नद्या आणि कालव्यांवरचा मोठा ग्रंथ १९४९ मध्ये पुण्याच्या केंद्रानेच प्रसिद्ध केला.

त्यांच्यानंतरची मराठी नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत कधीच आली नाहीत, याची मला खंत वाटते. डी. व्ही. जोगळेकर संस्थेचे संचालक झाले. नदीला वळण लावण्यावरची त्यांची मार्गदर्शक पुस्तिका देशभरच्या अभियंत्यांच्या टेबलावर असे. सी. व्ही. गोळे आणि एस. व्ही. चितळे यांनी १९६६ मध्ये बिहारच्या कोसी नदीवर लिहिलेला निबंध जगभर वाचला गेला. सव्वादोनशे वर्षांत शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेकडे सरकलेली ही नदी असे का वागते, याचे उत्तर त्यांनी तिने आणून टाकलेल्या गाळात शोधले. बिहारची शोकांतिका समजून घेणारे हे दोघे मुठेकाठी बसून काम करत होते.

स्वातंत्र्यानंतर नौकानयनाचा प्रश्न पुन्हा वर आला. हुगळी वाचवायची तर गंगेचे पाणी तिच्यात वळवायला हवे, असे ठरले आणि फराक्का बंधारा उभा राहिला. सव्वादोन किलोमीटर लांब, १०९ गाळे, ३८ किलोमीटरचा जोडकालवा, ४० हजार क्यूसेकची वळवणूक. १९७५ मध्ये तो सुरू झाला. त्याच्याही चाचण्या खडकवासल्याला झाल्या. बंधाऱ्याने नदी अडली की नावा अडतात, म्हणून फराक्क्याला जलपाश बांधावा लागला. हल्दिया ते प्रयागराज हा १६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ त्यातूनच जातो. १९७१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या आशियाई आयोगाने खडकवासल्याला आपली प्रादेशिक प्रयोगशाळा मानले. मुंबई, न्हावा शेवा, कांडला या बंदरांच्या भरती-ओहोटीही इथल्या शेडमध्ये खेळवल्या गेल्या.

जलपाशाचा नमुना नदीच्या नमुन्यापेक्षा वेगळा असतो. त्यात पाहायचे असते की हौद भरताना पाणी उसळते किती आणि बांधलेल्या जहाजाच्या दोरांवर ताण किती येतो. भरण्याला वेळ लागला तर वाहतूक तुंबते, घाई केली तर दोर तुटून जहाज दरवाजावर आदळते. पनामा कालव्याच्या नव्या जलपाशांसाठी फ्रान्समध्ये लिऑनला तीसपट लहान नमुना करून हेच तपासले गेले आणि २०१६ मध्ये ते जलपाश जहाजांना खुले झाले.

या विद्येच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडले. जलसंशोधनाची देशातली सर्वांत मोठी संस्था त्याच धरणाखाली होती. पण पानशेतला दोष अपुऱ्या राहिलेल्या बांधकामाचा होता, आणि वाहत्या पाण्याचा नमुना घाईच्या बांधकामाबद्दल काही सांगत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सिरोंचासमोर गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्याचे खांब खचले. ज्या पाण्यातून हेग यांना वऱ्हाडच्या नावा न्यायच्या होत्या, तिथेच चार वर्षे जुने बांधकाम बसले.

आता त्याच खोऱ्याचे पाणी आपल्या दिशेने वळवण्याची योजना आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणापासून ४२६ किलोमीटरचा कालवा विदर्भ ओलांडून नळगंगा धरणापर्यंत येणार आहे, म्हणजे रोहिणखेडच्याच मोताळा तालुक्यात. २०१६ च्या कायद्याने १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरवले, त्यांत वैनगंगा-प्राणहिता आणि पैनगंगा-वर्धा आहेत. एका खोऱ्यातून पाणी काढायचे आणि त्याच खोऱ्यात नावाही चालवायच्या, हे दोन बेत एकमेकांशी किती जुळतात हे कागदावरच्या आकडेमोडीने सुटणार नाही.

हेग यांच्याजवळ जे नव्हते ते आपल्याजवळ पुण्यात शंभर वर्षांपासून आहे, आणि नाशिकच्या ‘मेरी’ या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत १९५९ पासून आहे. म्हणून शासनाला मागणे असे. वैनगंगा-नळगंगा प्रकल्पाचे बंधारे, कालव्यांची तोंडे, ओलांडायच्या नद्या यांच्या नमुना-चाचण्या बांधकामाच्या निविदा निघण्याआधी पूर्ण कराव्यात. त्यांचे अहवाल मराठीत, नकाशांसह, प्रत्येक तालुक्याच्या पाटबंधारे कार्यालयात लोकांना पाहायला ठेवावेत. मोताळ्याच्या शेतकऱ्याला पाणी येण्याची तारीख सांगण्याआधी नमुन्यात पाणी कसे वागले ते त्याला दाखवावे.